शुश्रूषा केंद्र निवडताना

- प्रतिनिधी

रुग्णालयातून निरोप येतो, "परवा घरी न्या." वडिलांची उजवी बाजू लुळी पडलेली, नाकात नळी, लघवीची पिशवी. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा नोकरीला, सून नोकरीला, मुलगी न्यू जर्सीत. दोन दिवसांत कोणीतरी एक पत्ता सुचवतो, फोनवर दर ठरतो आणि रुग्णवाहिका परस्पर तिकडे वळते. शहरांतील अनेक ज्येष्ठांची शुश्रूषा केंद्राशी पहिली ओळख अशी होते. फ्रिज घेताना चार दुकाने पालथी घालणारी माणसे येथे एकही खोली न पाहता अनामत रक्कम भरतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण वेळच तशी असते. मात्र घरातील ज्येष्ठाची प्रकृती ढासळू लागली असेल, तर दोन-तीन केंद्रे आधीच पाहून ठेवणे शहाणपणाचे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे छोटे खासगी रुग्णालय. पाश्चात्त्य देशांत हेच नाव दीर्घकाळ सांभाळ करणाऱ्या संस्थेला आहे. आपल्याकडे ते काम वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्र, 'असिस्टेड लिव्हिंग' अशा पाट्यांखाली चालते, आणि पाटीवरून आतील सोयींचा अंदाज येत नाही. वृद्धाश्रम मुख्यतः चालत्याफिरत्या ज्येष्ठांसाठी असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तेथे घेतले, तरी सांभाळण्याची यंत्रणा असेलच असे नाही.

महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ सालचा आहे. आजारी व जखमी माणसांबरोबरच विकल व्यक्तींना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागाही त्याच्या व्याख्येत बसते. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ते मागावे आणि त्याची मुदत तपासावी. पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी सार्वजनिक न्यासाची नोंदणी दाखवली जाते. ती धर्मादाय आयुक्तांकडची. तिचा संबंध संस्थेच्या कारभाराशी आणि हिशेबाशी असतो, रात्री कूस कोण बदलतो याच्याशी नाही. खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. अमेरिकेत सरकार २००८ पासून अशा संस्थांना एक ते पाच तारे देते. आपल्याकडे तशी सोय नाही. नातेवाइकांनाच तपासनीस व्हावे लागते.

पहिली भेट वेळ ठरवून घ्यावी, दुसरी न कळवता. संध्याकाळी सातचा सुमार किंवा रविवार उत्तम. कार्यालयातील सोफा आणि भिंतीवरील सत्काराची छायाचित्रे यांत वेळ दवडू नये. थेट अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या खोलीत नेण्याची विनंती करावी. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे. खोलीत लघवीचा कुबट वास असेल तर कारण उघड आहे, पण फिनेलचा डोळ्यांत पाणी आणणारा दर्पही फारसा दिलासा देणारा नाही.

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे शय्याव्रण, अर्थात एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा. माकडहाड, खुबा आणि टाच ही त्यांची ठरलेली ठिकाणे. आधी नुसता लालसर डाग दिसतो, दाबल्यावरही तो फिका पडत नाही. दुर्लक्ष झाले तर जखम हाडापर्यंत जाते, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो आणि माणूस मूळ आजाराऐवजी त्यानेच दगावू शकतो. हवेची गादी उपयोगी असते, पण ती कूस बदलण्याला पर्याय नाही. सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी लागते आणि तशी नोंद ठेवणारा तक्ता चांगल्या केंद्रात असतो. तो पाहायला मागावा. दुपारी बारा वाजता रात्री आठपर्यंतच्या खुणा एकाच शाईत भरलेल्या आढळल्या, तर अधिक चौकशीची गरज उरत नाही.

जेवणाची वेळ गाठण्याचेही कारण आहे. हात थरथरणाऱ्या आजींना कोणी भरवते आहे, की ताट समोर ठेवून अर्ध्या तासाने तसेच उचलले जाते? नळीने अन्न देताना रुग्णाचे डोके आणि छाती उंच हवी. आडवे ठेवून दिलेले अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता टांगलेली असावी. दर महिन्याला वजन घेतात का, हेही विचारावे. उतरणारे वजन बऱ्याच गोष्टी सांगून जाते.

"डॉक्टर आहेत का?" हा प्रश्न सगळे विचारतात. त्यापेक्षा "रात्री दोन वाजता किती रुग्णांमागे किती माणसे जागी असतात?" हा प्रश्न अधिक उपयोगाचा. परिचारिका प्रशिक्षित आहे का, आणि मावशी-मामांच्या हाती गोळ्यांची जबाबदारी तर नाही ना, हे पाहावे. कर्मचारी दर दोन महिन्यांनी बदलत असतील, तर रुग्णाच्या सवयी कोणालाच ठाऊक नसतात. सर्व रुग्ण भरदिवसा गुंगीत दिसले, किंवा कोणाचे हात पलंगाला बांधलेले आढळले, तर कोणत्या डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरून हे विचारायला संकोच करू नये. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबाबत हा धोका विशेष, कारण त्यांची अस्वस्थता बहुधा संध्याकाळी वाढते, आणि नेमकी तेव्हा माणसे कमी असतात.

खर्चाचे तपशील लेखी घ्यावेत. जाहिरातीतील मासिक दरात डायपर, औषधे, फिजिओथेरपी, हवेची गादी क्वचितच धरलेली असते. रुग्णाला आठवडाभर रुग्णालयात हलवले तर शुल्क चालू राहते का, आणि अनामत रक्कम मृत्यूनंतर किती दिवसांत परत मिळते, हे आधीच ठरवावे. हे विचारणे अशुभ वाटते. नंतर विचारणे त्याहून अवघड होते.

आणि ज्यांना तेथे राहायचे आहे, त्यांना विचारले का? बोलता येत असेल तर एकदा तरी त्यांना ती जागा दाखवावी. पुष्कळ घरांत निर्णय ज्येष्ठाच्या पाठीमागे होतो आणि "चार दिवसांसाठी" असे सांगून सोडले जाते. त्याने बसलेला धक्का कोणतीही चांगली सेवा लवकर भरून काढत नाही.

तक्रार असेल तर प्रथम संचालकांना लेखी द्यावी. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत उपलब्ध आहे. परदेशातील मुलांनी व्हिडिओ कॉलवर केवळ चेहरा पाहून समाधान मानू नये. ज्येष्ठाच्या संमतीने परिचारिकेला पांघरूण बाजूला करायला सांगून टाचा आणि पाठ दाखवण्याची विनंती करावी, आणि कॉलची वेळ दर वेळी वेगळी ठेवावी.