मेडिक्लेमची बखर

इतिहास मला शाळेत कधीच जमला नाही, आणि लाजेची गोष्ट अशी की तो शिकवायला वर्गावर आमचे अण्णाच होते. सहामाहीला पस्तीस मार्क देऊन त्यांनी मला वर्गातही उभं केलं आणि घरातही. पुढं बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि सनावळ्यांतून सुटलो असं समजून चाललो. पण आपण चाळिशी ओलांडतो, वडील साठी-सत्तरी ओलांडतात, आणि मग मेडिक्लेमच्या रूपानं इतिहास पुन्हा घरात शिरतो.

अण्णांकडे एक फाईल आहे. जाड पुठ्ठ्याची, नाडीची, वर त्यांच्या वळणदार अक्षरात 'आजारपण' असं लिहिलेली. तिच्यातला पहिला कागद १९८७ सालचा. म्हणजे अण्णा या क्षेत्रातले जवळजवळ मूळपुरुषच म्हणायचे, कारण आपल्या देशात मेडिक्लेम आला तोच १९८६ साली. त्याआधी कामगारांना १९४८ च्या कायद्यानं ई.एस.आय. होती, केंद्र सरकारच्या नोकरांना १९५४ पासून सी.जी.एच.एस. होती, आणि बाकीच्यांना देव होता. १९७२ च्या कायद्यानं १०७ विमा कंपन्यांच्या चार केल्या, एवढं मला परीक्षेपुरतं पाठ होतं. त्याच चौघींनी ही पॉलिसी काढली. आणि १९८६ च्याच फायनान्स अ‍ॅक्टात आयकराचं ८०-डी कलम आलं. मध्यमवर्गीय माणसाला तब्येतीची काळजी वाटावी म्हणून आधी टॅक्सची वाटायला लावावी लागते, हे सरकारला बरोबर कळलं होतं.

एजंट वाईच्या आमच्या घरी आला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तो अण्णांना म्हणाला, ''सर, तब्येतीचं राहू द्या. टॅक्स वाचतो.'' आईनं पोह्यांची बशी ठेवता ठेवता विचारलं, ''आजारी पडलोच नाही तर पैसे परत मिळतात का हो?'' एजंटानं पोह्यांना लिंबू मागितलं.

अण्णा तेव्हा बेचाळीस वर्षांचे, ठणठणीत. पुढची सतरा वर्षं त्यांनी दर मार्चला हप्ता भरला आणि एक पैचाही क्लेम केला नाही. त्या काळात कंपनीकडून त्यांना दिवाळीला कॅलेंडर येत असे. म्हातारपण सुरू झालं तशी कॅलेंडरं थांबली आणि फॉर्म यायला लागले.

पहिला क्लेम २००४ चा, हर्नियाचा. तोवर २००१ च्या नियमांनी टीपीए नावाचा एक नवाच प्राणी जन्माला आला होता. तो ना कंपनी, ना डॉक्टर. आपल्याकडे लग्न जमवताना मध्यस्थ असतो ना, तसा. फक्त हा दोन्हीकडचं ऐकून घेत नाही. त्याचं पत्र आलं : हॉस्पिटलात खाटा किती? पॉलिसीत हॉस्पिटलची व्याख्या होती. निदान पंधरा खाटा पाहिजेत, लहान गाव असेल तर दहा चालतील. अण्णांच्या टाक्यांवर अजून पट्टी होती, तरी ते काठी घेऊन खाटा मोजायला गेले. भरल्या नऊ. दहावी गच्चीवर उन्हात घातली होती. ढेकूण झाले होते म्हणून.

''ढेकणांसाठी बाहेर काढली तरी खाट ती खाटच,'' असं अण्णांनी टीपीएला कळवलं, सोबत हॉस्पिटलचा पेन्सिलीनं काढलेला नकाशा, उत्तर दिशा दाखवून. दोन महिन्यांनी चेक आला. मी म्हटलं, ''नकाशाचा काय संबंध होता, अण्णा?'' ते म्हणाले, ''पानिपत शिकवताना मी नकाशाशिवाय कधी बोललोय का?''

खरं पानिपत मात्र पुढंच होतं. जानेवारी २०१२ मध्ये अण्णांची अँजिओप्लास्टी झाली. तोवर ते साताऱ्याला आमच्याकडे राहायला आले होते, आई गेली होती. महिन्याभरानं पत्र आलं की क्लेम नामंजूर. कारण काय, तर रुग्णास मधुमेह पॉलिसीच्या आधीपासून आहे आणि पॉलिसीला चार वर्षं झालेली नाहीत. अण्णांनी ते तीनदा वाचलं. त्यांचा मधुमेह २००१ चा, पॉलिसी १९८७ ची. पण कंपनीच्या कॉम्प्युटरच्या मते पॉलिसीचा जन्म ३ एप्रिल २००८ चा होता. त्या वर्षी मुदत ३१ मार्चला संपत होती, चेक कंपनीच्या टेबलावर ३ एप्रिलला पोचला, म्हणजे मध्ये खंड पडला, म्हणजे जुनी पॉलिसी मेली आणि नवी जन्मली.

''मग एकवीस वर्षं मी हप्ता भरला तो कुणाचा?'' अण्णांनी विचारलं. रागानं नाही. वर्गात उत्तर येणार नाही हे माहीत असूनही विचारायचे तसं.

मी व्यवहारी माणूस. म्हटलं, ''सोडून द्या अण्णा, मी भरतो.'' ते काही बोलले नाहीत. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो तर खोलीत दिवा, आणि अण्णा माझं बी. कॉम. चं विम्याचं पुस्तक वाचत बसलेले. त्या पुस्तकाची काही पानं मी फोडलेलीसुद्धा नव्हती. अण्णांनी ती पट्टीनं फोडली होती.

''ऐक,'' ते म्हणाले. ''विमा कायदा १९३८, कलम ६४ व्हीबी. चेक पोस्टानं पाठवला तर तो पोस्टात टाकला त्या तारखेपासून जोखीम घेता येते. पोचला त्या तारखेचं बंधन नाही.'' आणि फाईलची नाडी सोडून त्यांनी दोन बोटं रुंदीचं एक चिटोरं काढलं. रजिस्टर पोस्टाची पावती. वाई, २६ मार्च २००८.

आधी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं ते पहिल्या पत्राची झेरॉक्सच. मग विमा लोकपालाकडे. मी कॅज्युअल घेतली आणि आम्ही पहाटेच्या एस.टी.नं मुंबई गाठली. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यानं कॉम्प्युटरचा छापील कागद दाखवला. अण्णांनी एकामागून एक पंचवीस वर्षांच्या पावत्या टेबलावर मांडल्या, साल वाचत, मध्ये कुठंही न अडखळता. शेवटी ते चिटोरं. खोलीत सगळे गप्प. त्या अधिकाऱ्याच्या जागी मी क्षणभर स्वतःलाच पाहिलं. सहामाहीचा पेपर आठवला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पैसे मात्र निम्म्याच्या आसपासच हातात पडले. एक लाखाच्या विम्याला दिवसाचं खोलीभाडं एक टक्का, म्हणजे हजार रुपये, आणि आम्ही घेतली होती अठराशेची खोली. मग सर्जनच्या फीपासून सगळंच त्या बेतानं कापलं. अठराशेची खोली का, तर हजाराच्या खोलीतून संडास लांब पडत होता. ते कारण पॉलिसीत कुठं बसत नाही.

नंतर नियम पुष्कळ सुधारले, खोटं कशाला बोलू? २०२४ पासून सलग पाच वर्षं हप्ता भरला की, फसवाफसवी सोडून, जुन्या आजाराचं खुसपट काढता येत नाही. पूर्वी ही वर्षं आठ होती. त्याच वर्षी नवी पॉलिसी घ्यायला वयाची अटही गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड लागू झालं, वर्षाला पाच लाखांचं. अमेरिकेत १९६५ साली मेडिकेअर आलं तेव्हा पहिलं कार्ड माजी अध्यक्ष ट्रूमनना दिलं होतं. ते तेव्हा एक्याऐंशीचे होते. अण्णा एकोणऐंशीला रांगेत उभे राहिले आणि मला म्हणाले, ''ट्रूमनच्या अंगठ्याचे ठसे उमटले असतील रे.'' अण्णांचे उमटत नव्हते. पन्नास वर्षं खडू धरून बोटं गुळगुळीत झालीत असं त्यांचं म्हणणं. खरी वर्षं पस्तीस. पण इथं मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, ही बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. विम्यावरचा जीएसटी गेल्याच्या बातमीनं झाले नाहीत इतके ते हिनं अस्वस्थ झाले. ''पावती देतात ना पण?'' एवढंच विचारलं.

नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी आमच्या बँकेत येतात. माणूस समोर उभा असतो, खोकत असतो, आणि मी त्याला तो जिवंत असल्याचा पुरावा मागतो. या वेळी रांगेत अण्णा होते. माझ्याच काउंटरला. मी फॉर्म घेतला, सही ताडून पाहिली आणि सवयीनं म्हणालो, ''आधारची झेरॉक्स?''

त्यांनी फाईलची नाडी सोडली, झेरॉक्स दिली आणि हात तसाच पुढं ठेवला.

''अजून काय, अण्णा?''

''पोच.''

मागं सतरा जण उभे होते. मी शिक्का शाईत बुडवला, तारीख फिरवून घेतली आणि पोच दिली.