नाच, नशा आणि मस्तानी

पाबळला मस्तानीची कबर आहे. हे गावच बाजीरावाने तिला इनाम दिलेलं. ती छत्रसालाची मुलगी मानली जाते, पण पुण्याने तिला ठरवलं कलावंतीण. बाजीराव मद्य-मांसाकडे वळला त्याचं खापरही तिच्यावरच! दोघंही १७४० साली गेले. नशा पेशव्याची, दोष नाचणारीचा.

ही खोड आपल्याला अजून आहे. मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्याला रेव्ह पार्टीवर धाड पडली. अडीचशेहून जास्त पोरं-पोरी पकडली. त्यात कॉलेजवाले होते, आपले आयटी-बीपीओवालेही होते. मग चर्चा रंगली ती 'संस्कृती'ची. व्यसनाचं काय?

त्याचं उत्तर पुण्यातच होतं, वीस वर्षं आधीपासून. गर्दने पोरं पोखरायला सुरुवात केली तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी आर्थिक मदत केली. व्यसन हे पाप नाही, आजार आहे, ही तिथली भूमिका. आधी निवासी उपचार, मग पाठपुरावा... आणि बरे झालेले पेशंटच नव्यांना हात देतात.

कायद्यालाही हे मान्य आहे. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ बघा: नुसत्या सेवनाचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण केले, तर त्याला खटल्यातून सूट मिळते.

तेव्हा मंडळी, एखाद्या मित्राला गोळीशिवाय नाचताच येत नसेल, तर टेक्नोला शिव्या घालून उपयोग नाही. त्याला उपचारांपर्यंत घेऊन जा. घरचे काय म्हणतील, हे नंतर बघू.