सायकलवरून कामाला, कॉलेजला जाताय? बॅग घेताना एवढं बघा

टिळकवाडी : शाळा-कॉलेजं सुरू झाली की टिळकवाडीच्या रस्त्यांवर सकाळी सायकली दिसायला लागतात. कोण आरपीडीकडे, कोण उद्यमबागेत पहिल्या पाळीला. सायकल घ्यायला चार दुकानं फिरणारा माणूस बॅग मात्र रंग बघून उचलतो आणि आठ दिवसांत मान धरली म्हणून सांगत येतो.

आधी वजनाचं बघू. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतच असावं, असं महाराष्ट्राने 2015 मध्ये आणि कर्नाटकाने 2019 मध्ये ठरवलं. कर्नाटकाच्या परिपत्रकात नववी-दहावीसाठी 4 ते 5 किलोचा आकडा आहे. नियम शाळेचा असला तरी मोठ्यांनीही तो हिशोबाला धरावा. हँडलवर वाकलं की पाठीवरचं ओझं मनगटांवर आणि कंबरेवर येतं. रिकामी सॅकच किलोच्या वर भरत असेल तर ती दुकानातच ठेवून या.

डबा, रेनकोट, लॅपटॉप यासाठी 20 लिटरच्या आसपासची सॅक पुरते. मोठी घेतली की आपण ती भरतच जातो. पट्टे रुंद, आतून स्पंज असलेले हवेत. छातीवरून लावायचा पट्टा असेल तर उत्तम. सॅकचा तळ कंबरेखाली लोंबू नये आणि वरचं टोक मागे वळून बघताना हेल्मेटला लागू नये. दुकानात सॅकमध्ये काहीतरी जड भरून, वाकून बघा. लाजायचं काय त्यात? पट्टा जिथे जोडलाय तिथली शिलाई ओढून बघा. सॅक आधी तिथेच उसवते. दर जूनला नवी घ्यावी लागत असेल तर ती स्वस्त कसली!

एका खांद्यावरची, शबनमसारखी बॅग हलक्या सामानाला बरी. त्यात ओझं असलं की दुसऱ्या गेटवर पाय टेकून थांबताना ती सरकून पोटावर येते, वळताना गुडघ्याला लागते. घ्यायचीच तर काखेखालून बांधायचा जादा पट्टा असलेली घ्या.

पावसाचं वेगळं. दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून देतात, पण कापड चांगलं असलं तरी चेनमधून आणि शिलाईतून पाणी आत जातंच. जून ते सप्टेंबर वह्या-लॅपटॉप आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, वरून कव्हर घाला. नव्या फॅशनच्या सायकलींना मडगार्ड नसतं, मग मागच्या चाकाचा चिखल थेट सॅकवर. आधी मडगार्ड बसवून घ्या.

ओझं 5 किलोच्या वर जात असेल तर कॅरिअर लावून घेतलेलं बरं. डबा आणि पुस्तकं कॅरिअरवर, लॅपटॉप पाठीवर, कारण खड्ड्यांचे दणके कॅरिअरला थेट बसतात. बांधायला जुन्या ट्यूबचा पट्टा चालतो, फक्त त्याचं सुटं टोक आत खोचा. ते स्पोकमध्ये अडकलं तर चाक जागच्या जागी थांबतं.