घणाखालची खाच

लोहाराला जाड सळई तोडायची असली की तो ती ऐरणीवर ठेवतो, छिन्नीने खाच पाडतो आणि नेमका तिथेच घण घालतो. तुटलेल्या तोंडात चमचमते दाणे दिसले तर माल ठिसूळ, राखाडी तंतू दिसले तर चिवट. भोकर गावच्या भात्यापुढे कळणारी ही गोष्ट महामार्गाच्या पुलाचं पोलाद पारखताना आजही कामाला येते.

प्रयोगशाळेत १० मिमी चौरस, ५५ मिमी लांब तुकडा घेतात, त्यात २ मिमी खोल 'व्ही' आकाराची खाच पाडतात आणि लंबकाच्या हातोड्याने तो तोडतात. तोडताना जितकी ऊर्जा खर्ची पडली, तेवढा चिवटपणा.

या चाचणीचा बाप कोण? नाव लागलं ते फ्रान्सच्या शार्पीचं, १९०१ सालचं. पण लंबकाचं यंत्र अमेरिकेत रसेलने १८९८ मध्येच मांडलं होतं. मी त्याही मागे जातो. सतराव्या शतकातला फ्रेंच व्यापारी तावर्निये सांगतो की गोवळकोंड्याच्या पोलादाच्या वड्यांचे दोन तुकडे करून प्रत पाहत. असं पोलाद गोदावरीपलीकडे, आजच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला होई आणि इराणपर्यंत जाई. म्हणजे तोडून पारखण्याची रीत आपल्या शेजारचीच.

यावर आक्षेप असा, की वडी फोडणारा नुसतं बघत होता, शार्पीने मोजलं. खरं आहे, आणि गोवळकोंड्याहून फ्रान्सला जोडणारा कागदही नाही. पण चाचणीनंतर तुटलेल्या तोंडाचा किती टक्के भाग चकाकतो हे आजही नोंदतात. ती नजर भट्टीवरचीच! लंबक नवा, परीक्षा जुनी, असंच माझं मत.

खाच का हवी, हे पूल सांगतो. उसाचा प्रत्येक ट्रक गेला की वेल्डिंगजवळची बारीक चीर किंचित पुढे सरकते. चिवट पोलाद तिला थांबवत नाही. पण ती नजरेत येण्याइतकी लांब होईपर्यंत तग धरतं. ठिसूळ पोलाद तेवढी उसंत देत नाही. चाचणीच्या तुकड्यातली खाच म्हणजे या चिरेचीच नक्कल. १५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेचा सिल्व्हर ब्रिज एका पोलादी पट्टीतल्या सुमारे ३ मिमी चिरेने नदीत गेला. ४६ माणसं मेली. त्यानंतर तिकडे पुलाच्या पोलादाला चिवटपणाची अट आली.

पोलादाच्या आपल्या आयएस २०६२ या भारतीय मानकात 'ए' प्रतीला ही चाचणी लागत नाही; ई-२५० पोलादाच्या 'बी-झिरो' प्रतीला शून्य अंश सेल्सिअसला किमान २७ ज्यूल लागतात. गावच्या पुलासाठी गर्डर उतरले, तर सर्टिफिकेटवर आधी ही प्रत बघा.