सामानाची यादी हाही दस्तऐवजच : तंबू, स्टोव्ह आणि व्हॅनचा इतिहास कसा वाचायचा?

पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "विषय कुठून आणायचा?" इतिहासाचा विषय म्हणजे लढाई, तह किंवा एखादी थोर व्यक्ती, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मी मूळची रसायनशास्त्राची. एम.एस्सी. झाल्यावर रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या इतिहासाकडे वळले. त्यामुळे माझं उत्तर जरा वेगळं असतं. एखादी साधी यादी उचला आणि तिला प्रश्न विचारा.

आज आपण अशी एकच यादी घेऊ. घरच्यांना घेऊन तंबूत किंवा व्हॅनमध्ये मुक्काम करायचा, तर काय काय न्यायचं? तंबू, खाली अंथरायला जाड प्लास्टिक, झोपायच्या चटया, गॅसचा छोटा स्टोव्ह, पाण्याचे कॅन, दिवा, औषधांचा डबा, मुलांचे जादा कपडे. सोबत चार सूचनाही असतात. कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नका. खालचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी त्यावर साचून थेट अंथरुणाखाली येतं. जेवणाचं सामान झोपायच्या जागी ठेवू नका. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका.

या यादीला तीन प्रश्न विचारायचे. हे ओझं कोण वाहतं? ही सूचना कुठल्या अनुभवातून आली? आणि यादीत काय लिहिलेलंच नाही?

१. माणसं मोजणारी यादी

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तीत बादशाही छावणीच्या सामानाचा हिशोब आहे. एका मुक्कामाचं सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. शिवाय तंबू उभारणारे हजारभर फर्राश, सुतार, भिस्ती वगैरे वेगळे. तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहत असे.

हा फर्राश शब्द आपल्या ओळखीचा आहे. तंबू, कनाती, जाजमं, बिछायती सांभाळणारं खातं म्हणजे फरासखाना. पुण्यात हे नाव अजून रोज तोंडात येतं, फक्त त्याचा तंबूशी असलेला संबंध आपण विसरलोय.

छावणी आणि कौटुंबिक सहल यांची बरोबरी होत नाही, हे उघड आहे. तरी एक गोष्ट टिपून ठेवा. या यादीत तंबूशेजारी तंबू उभारणारा माणूसही मोजलेला आहे. काम कोण करतं हे लपवायची गरज लिहिणाऱ्याला वाटलेली नाही. उलट जितकी जास्त माणसं, तितका जास्त दिमाख.

२. सूचनांचं पुस्तक

आता १८५५ मध्ये येऊ. फ्रान्सिस गाल्टन हा इंग्रज प्रवासी आजच्या नामिबियाच्या भागात फिरून आला आणि त्याने 'द आर्ट ऑफ ट्रॅव्हल' हे पुस्तक काढलं. आग कशी पेटवायची, पाणी कसं शोधायचं, तंबू कुठे लावायचा, अशा शेकडो सूचना त्यात आहेत. एक पाहा : झाड हे छप्पर आहे, भिंत नव्हे. वारा जमिनीलगत येतो, म्हणून झोपलेल्या माणसाला झाडापेक्षा हातभर उंचीचा आडोसा जास्त उपयोगी. विज्ञान म्हणून हे आजही पटतं, कारण झोपलेल्या माणसाच्या अंगातली ऊब पळवतो तो जमिनीलगतचाच वारा. दुसरी सूचना वाचून हसू येतं, पण तीही बिनचूक आहे. जोराचा पाऊस आला की कपडे काढून त्यांच्यावर बसायचं. पाऊस थांबल्यावर कोरडे कपडे तयार!

याच गाल्टनने पुढे १८८३ मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द घडवला. माणसांची उच्च-नीच प्रतवारी लावणारा हा विचार पुढे किती घातक ठरला, ते आपण जाणतो. म्हणून त्याचं पुस्तक वाचताना दुसरा डोळा उघडा हवा. आफ्रिकेत तो एकटा हिंडत नव्हता. सोबत बैल होते, गाड्या होत्या आणि पगारी माणसं होती. त्या मुलखात कसं राहायचं हे तिथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. पुस्तकावर नाव मात्र एकाचंच आहे.

इथे पद्धतीचा एक मुद्दा. अशा पुस्तकांना आपण 'उपदेशपर साधन' म्हणू. लोकांनी काय *करावं* ते त्यात असतं, लोकांनी काय *केलं* ते त्यावरून सिद्ध होत नाही. मुलाखतीत हा फरक हमखास विचारला जातो. पण एक आडवाट आहे. एखादी गोष्ट करू नका असं पुन्हा पुन्हा सांगावं लागत असेल, तर बहुधा बरेच लोक ती करत असतात.

३. कुटुंब तंबूत येतं

कुटुंबाचा विचार करणारं एक पुस्तक हिंदुस्थानातच तयार झालं. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचं 'द कम्प्लीट इंडियन हाउसकीपर अँड कुक'. १८९८ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली होती. थंडीच्या दिवसांत जिल्ह्याचे गोरे अधिकारी दौऱ्यावर निघत, तेव्हा अनेकदा बायकामुलंही तंबूत राहत. या गृहिणींसाठी त्यात छावणीतल्या संसारावर वेगळं प्रकरण आहे. सामान कसं बांधायचं, स्वयंपाकाचं काय करायचं, नोकरांकडून काम कसं करून घ्यायचं, सगळं बारकाईने.

आपला पहिला प्रश्न इथे लावा. ओझं नोकर आणि जनावरं वाहतात. गृहिणीच्या वाट्याला देखरेख येते. नोकर पानोपानी दिसतो, पण तो कधी बोलत नाही. अशा वेळी संशोधकाने हे पुस्तक बाजूला टाकायचं नसतं. पगाराच्या नोंदी, पत्रं, न्यायालयाची कागदपत्रं अशा ठिकाणी तो आवाज सापडतो का, ते शोधायचं असतं.

४. ओझं स्वतःच्या सायकलवर

थॉमस हायराम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. लहानपणी, १८५३ मध्ये, आईवडिलांबरोबर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांतून गाड्यांच्या तांड्यासोबत त्याने प्रवास केला होता. मोठेपणी सायकल घेऊन तो तंबूत राहायला जाऊ लागला. १९०१ मध्ये त्याच्या पुढाकाराने सायकलवाल्या कॅम्परांची संघटना सुरू झाली आणि १९०८ मध्ये त्याचं 'द कॅम्पर्स हँडबुक' आलं.

नोकर नाही, घोडा नाही. त्यामुळे यादीत पहिल्यांदाच वजनाला किंमत आली. तंबू सायकलला बांधता आला पाहिजे, म्हणजे कापड हलकं हवं आणि शिवण कमी हवी. हे काम शिंप्यालाच जमणारं. आज दुकानात तंबूवर किलो-ग्रॅम छापलेले असतात, त्यामागे ओझं वाहणारा बदलल्याचा हा इतिहास आहे. तुमच्यासाठी सूचनाही त्यातूनच निघते : आधी ठरवा, सामान पाठीवर जाणार की गाडीत. पाठीवर जाणार असेल तर प्रत्येक वस्तू वजन करून घ्या. गाडीत जाणार असेल तर वजनापेक्षा जागेचा विचार करा.

५. प्रायमस आणि एक न दिसणारा वायू

यादीतली जी वस्तू आपल्या घरांत सगळ्यात खोल शिरली, ती म्हणजे स्टोव्ह. १८९२ मध्ये स्टॉकहोमला फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने बिनवातीचा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला. तोच प्रायमस. आधी थोडं स्पिरिट जाळून नळी तापवायची. पंपाने हवा भरली की रॉकेल तापल्या नळीत चढतं, त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून जोरात बाहेर पडून हवेत मिसळते. म्हणून ज्योत निळी आणि भांड्याला काजळी कमी. छिद्र तुंबलं की पिन मारायची. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना तो भर्रर आवाज वेगळा सांगायला नको. १९११ मध्ये अमुंडसेनची तुकडी दक्षिण ध्रुवावर गेली तेव्हा तिच्या सामानात प्रायमस होता. तोच आपल्याकडे मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात चहा करत होता.

आता सूचना : तंबूत स्टोव्ह पेटवू नका. कारण फक्त कापड पेटेल एवढंच नाही. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की इंधन अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. १९३४ मध्ये अंटार्क्टिकातल्या एका तळावर रिचर्ड बर्ड एकटा राहत होता. स्टोव्ह आणि जनरेटरच्या वायूमुळे तो मरता मरता वाचला. इतका अनुभवी माणूस, तरी आधी काय होतंय ते कळणं अवघड. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं थकव्यासारखीच वाटतात. लहान मुलं सोबत असतील तर ही सूचना यादीत सगळ्यात वर लिहा. कोळशाची शेगडीसुद्धा ऊबेसाठी आत घेऊ नका, विझत आलेली असली तरी नको.

बघा, एका ओळीच्या सूचनेमागे केवढं रसायनशास्त्र आणि केवढा इतिहास आहे.

६. फोटोत न आलेला ट्रक

मोटार आली आणि ओझं पुन्हा जागा बदलून बसलं. अमेरिकेत हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे मित्र दरवर्षी मोटारी घेऊन मुक्कामाला जात. वर्तमानपत्रांत त्यांचे साधेसुधे फोटो येत : झाडाखाली बसलेली चार थोर माणसं. पण सामानाची नोंद वाचली की चित्र बदलतं. १९१९ च्या सहलीत खास बांधलेली स्वयंपाकाची गाडी होती, तिच्यात स्टोव्ह आणि बर्फाची पेटी होती. सोबत स्वयंपाकी. तंबू, खाटा, खुर्च्या आणि विजेचे दिवे वाहायला आणखी एक गाडी.

म्हणून फोटो आणि यादी शेजारी शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. एक साधन दुसऱ्याला उघडं पाडतं.

सामान्य कुटुंबाची सोय वेगळ्या वाटेने झाली. अमेरिकेत १९२३ मध्ये कोलमन कंपनीने पेटीसारखा मिटणारा स्टोव्ह आणला. जर्मनीत फोक्सवॅगनच्या व्हॅनचं उत्पादन १९५० मध्ये सुरू झालं आणि १९५१ मध्ये वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. त्यातली खुबी अशी की तो काढता-घालता येई. आठवडाभर व्हॅन धंद्याला, रविवारी तीच घर. दुसरी गाडी न परवडणाऱ्या कुटुंबासाठी हा हिशोब जुळणारा होता. आज व्हॅन तयार करताना हाच नियम लावा : बाक आणि फळ्या आधी काढता येतील अशा बसवा, चार मुक्काम करून बघा, मगच कायमचे खिळे ठोका.

७. यादीत नसलेला रकाना

हत्ती गेले, नोकर गेले, स्वयंपाक्याची गाडी गेली. मग ते काम कुठे गेलं? व्हॅनच्या यादीत भांडी आहेत, धुणारा नाही. धान्य आहे, निवडणारा नाही. सहलीच्या आदल्या रात्री पोळ्या कोण लाटतं, मुलांचे कपडे मोजून कोण भरतं, परतल्यावर ओला तंबू वाळत कोण घालतं? अबुल फजलच्या यादीत हा रकाना होता. आजच्या कौटुंबिक यादीत तो कोराच असतो, आणि बहुतेक घरांत तो कोण भरतं हे आपल्याला ठाऊक आहे.

इथे खरा संशोधन-प्रश्न तयार होतो. "कॅम्पिंगचा इतिहास" हा विषय फार पसरट आहे. "हलक्या सामानामुळे सहलीतलं घरकाम कमी झालं, की फक्त एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेलं?" हा प्रश्न झाला. त्याला काळ द्या, जागा द्या, साधनं द्या. जुन्या जाहिराती, हस्तपुस्तिकांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आणि मुलाखती. आवृत्त्या समोरासमोर ठेवून कुठली वस्तू आली, कुठली गळाली आणि कोणाला उद्देशून लिहिलंय, एवढंच नोंदवलं तरी पहिलं प्रकरण उभं राहतं.

सराव म्हणून या आठवड्यात घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा : देवदर्शनाला, जत्रेला किंवा सहलीला चार दिवस जायचं तेव्हा सामानात काय काय असायचं? सांगतील ते जसंच्या तसं लिहून घ्या. मग शेजारी एक रकाना आखा, "हे कोण करायचं?" आणि तो त्यांच्याकडूनच भरून घ्या.