शाळेचा धडा आणि घरातील बादली

पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीने शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात २२ नोव्हेंबर १९९१ रोजी बजावले. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला अभ्यासक्रमाबाबत पुन्हा आदेश द्यावा लागला. दरम्यान २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले. कचरा वेगळा ठेवण्याविषयी जनजागृती करण्याचे काम त्यांनी नगरपालिकांवर सोपविले. शिक्षण एका खात्याकडे, कचरा दुसऱ्या संस्थेकडे! मुलाने पुस्तकात ‘ओला’ व ‘सुका’ वाचावे आणि घरी आईने दोन्ही एकाच बादलीत टाकावेत, असे अनेक शहरांत चालू राहिले. यात आईचा दोष नव्हता; पुढे गाडीत ते एकत्रच होणार, हे तिला ठाऊक होते.

केरळमधील अलप्पुळा (पूर्वीचे अलेप्पी) येथे बदल घडला, तो मात्र पाठ्यपुस्तकामुळे नव्हे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे सर्वोदयपुरम येथे नेऊन टाकला जात असे. शहरी कुटुंबाला कचरा फेकण्याचा खर्च जवळजवळ शून्य होता. त्याची किंमत सर्वोदयपुरमची कुटुंबे दुर्गंधीच्या रूपाने मोजत होती. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात. तेथील रहिवाशांना ही संज्ञा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. २०१२ मध्ये त्यांनी गाड्याच अडविल्या. शहरात ढीग साचले.

त्याच वर्षाच्या अखेरीस, आमदार थॉमस आयझॅक यांच्या पुढाकाराने, ‘निर्मल भवनम्, निर्मल नगरम्’ ही मोहीम सुरू झाली. ओला कचरा घराबाहेर जाऊच द्यायचा नाही, हे तिचे सूत्र. त्यासाठी घरोघरी अनुदानित पाइप-कंपोस्ट वा बायोगॅस संयंत्रे आणि जागा नसलेल्यांसाठी वस्तीत तुंबूरमुळी पद्धतीच्या हवेशीर पेट्या. मुलांकडे काम आले ते प्लॅस्टिकचे: घरातील पिशव्या स्वच्छ करून शाळेत आणणे. धड्याला प्रथमच पोहोचण्याचे ठिकाण मिळाले. मुलाने घरी आग्रह धरला, तर तो पाळता येण्याजोगा होता.

२०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या शहराची दखल घेतली. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो स्वयंपाकघरातील हिशेब. पिशवी धुवायची, पाइपात अळ्या झाल्या तर निस्तरायचे, हे काम आपल्याकडे बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्याला येते. शाळेने तो धडा मुलग्यांनाही स्वतःच्या हाताने गिरवायला लावला, तरच घरातील श्रमाची वाटणी बदलेल. परीक्षेतील दोन गुणांच्या प्रश्नाने ती बदलत नाही.