बेताचं कापड

भाचीने गेल्या महिन्यात ऑनलाइन एक जाकीट मागवलं. रंगीबेरंगी तुकडे जोडून केलेलं, आतून मऊ अस्तर, वरून हाताने घातलेला धावदोरा. किंमत ४,८०० रुपये. खोक्यात एक कार्ड होतं. हे जाकीट उरलेल्या कटपिसांतून, हाताने, एका स्वतंत्र डिझायनरने बनवलं आहे, असं त्यावर छापलेलं.

अम्मीने ते जाकीट हातात घेतलं आणि सवयीप्रमाणे आधी उलटं केलं. कपडा ती नेहमी आतून बघते. शिवण दाबली, टाके मोजले, कडेला नख लावून पाहिलं. मग म्हणाली, "अच्छा है. पन ये तो वाकळ है."

भाची हिरमुसली. मला हसू आलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या कार्डावरचे शब्द डोक्यातून जाईनात. उरलेले तुकडे, हाताचं काम, स्वतःचं डिझाइन. हे सगळं आमच्या मिरजेतल्या दोन खोल्यांच्या घरात पंचवीस-तीस वर्षं चालू होतं. फक्त त्याला कार्ड नव्हतं.

मराठीत कापड 'बेततात'. शिंपी कात्री चालवण्याआधी कापड पसरतो, मापं टाकतो, कुठून काय निघेल याचा अंदाज घेतो, ते बेतणं. आणि ज्या घरात पैसा कमी, त्या घराची परिस्थितीही 'बेताची'. आमच्या घरात हे दोन्ही शब्द एकाच पाटावर नांदत होते. अम्मी म्हणायची, "कपडा कम है तो अक्कल जास्ती लगाव." परिस्थिती बेताची होती म्हणून तिला बेतणं आलं. आज ज्याला लोक स्टाइल म्हणतात ती तिथूनच आली.

आपल्या दख्खनच्या कापडाचा इतिहास पाहिला तर अशी उदाहरणं बरीच सापडतात. मशरू घ्या. पुरुषाने अंगाला शुद्ध रेशीम लावू नये, असा इस्लाममध्ये दंडक. पण रेशमाची हौस कोणाला नसते? मग विणकरांनी तोड काढली. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा आणि वीण अशी सॅटिनची, की बाहेरच्या अंगाला रेशीम झळकावं आणि कातडीला फक्त सूत लागावं. नावच पडलं मशरू, म्हणजे शरीयतला मान्य असलेलं. औरंगाबादचा हिमरू त्याच घरातला. सोन्या-रुपेरी जरीचं किनखाब परवडायचं ते अमीर-उमरावांना. हिमरूच्या विणकरांनी सूत आणि रेशीम एकत्र आणून त्याच धाटणीची वेलबुट्टी काढली. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा हे कारागीर इकडे आले, असं परंपरा सांगते. किनखाबाची नक्कल म्हणून हिमरूला कमी लेखणारे आहेत. मला ते पटत नाही. कमी खर्चात तेवढाच रुबाब उभा करायचा तर मूळ कापड विणणाऱ्यापेक्षा जास्त डोकं चालवावं लागतं.

शिवणाचंही तसंच. जुना कळीदार कुरता कधी उसवून बघा. त्यात सगळे आयत आणि त्रिकोण निघतात. मधला पन्हा, बाजूच्या कळ्या, काखेखाली चौकोनी तुकडा. त्या तुकड्याला चौबगला म्हणतात. हात वर केला तरी कुरता फाटत नाही तो त्याच्यामुळे. चिंधीसुद्धा वाया जात नाही. आपल्याकडचा गुळेदगुडचा खण तर मुळातच चोळीच्या मापाने विणला जातो. मागावरच बेत ठरलेला. 'झिरो वेस्ट' हा शब्द भाचीने मला शिकवला. मी तिला नानीची पेटी उघडून चोळी दाखवली.

या सगळ्या नटण्या-सजण्याच्या धंद्यात आपली माणसं किती होती, हे आपण विसरत चाललो आहोत. आठवडी बाजारात बांगड्या भरणारा मणेर, कापड विणणारा मोमीन, रंगवणारा रंगरेज, शिवणारा दर्जी. शिंपी संत नामदेवांचं नाव घेणार, दर्जी हजरत इद्रीस यांचं, कारण सुईने कपडा शिवणारा पहिला माणूस म्हणून ते त्यांना मानतात. आणि अत्तार. त्याच्याकडे अत्तर कमी आणि इतर जिन्नसच जास्त. शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला-कचोरा, मेंदी. हिंदू बायकांचं हळदीकुंकूही त्याच्याच पुड्यातून जायचं. गावातल्या सवाशिणीचं कुंकू मुसलमानाच्या दुकानातून येतं, याचं तेव्हा कोणाला काही वाटत नव्हतं.

आमच्या घरी केस धुण्याचा दिवस शुक्रवारी सकाळचा. अम्मी शिकेकाई आणि रिठे रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून हाताने कुस्करायची. फेस कमी, डोळ्यांची आग जास्त. महिन्यातून एकदा मेंदी, तीही लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात रात्रभर. नानीचे केस त्यामुळे विटकरी लाल दिसायचे आणि तिला त्याचा अभिमान होता. मेंदीचा रंग केसातल्या प्रथिनाला धरून बसतो, म्हणून तो धुतल्याने जात नाही. 'काळी मेंदी' म्हणून पाकिटात जे मिळतं ते वेगळं. त्याच्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं आणि काहींना त्याने डोक्याला चांगलेच फोड येतात. माझ्या एका खालाला आले होते.

गंमत म्हणजे 'शॅम्पू' हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. चांपणे, चंपी, त्यातला तो. आणि तो इंग्लंडात रुजवणारा माणूस होता पाटण्याचा शेख दीन मुहम्मद. जन्म १७५९. कंपनीच्या फौजेबरोबर हिंडला, आयर्लंडला गेला, १७९४ मध्ये इंग्रजीत प्रवासाचं पुस्तक छापलं, १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी कॉफी हाऊस काढलं. ते चाललं नाही. मग ब्रायटनला जाऊन वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केलं आणि पुढे दोन इंग्रज राजांचा तो नेमलेला चंपीवाला झाला. शॅम्पूचा अर्थ तेव्हा मालिश एवढाच. साबणाचा फेस त्यात नंतर आला. तो शब्द आमच्या गल्लीत परतला तो १९८० नंतर, तमिळनाडूतल्या छोट्या उद्योजकांनी काढलेल्या पुडीतून. एका रुपयाला एक पुडी. अम्मीला वेळ वाचल्याचा आनंद झाला आणि अत्तारचाचाच्या दुकानातलं शिकेकाईचं पोतं मागे सरकत गेलं.

आता मशीनकडे येते. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये पेटंट घेतलं. पण सिंगर कंपनीची खरी करामत यंत्रापेक्षा हप्त्यांची. १८५६ पासून तिने मशीन हप्त्याने विकायला सुरुवात केली. हिंदुस्थानात कंपनीचा कारभार बराच काळ नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सांभाळला. न शिवलेली साडी आणि धोतर नेसणाऱ्या देशात शिवणयंत्र खपवायचं होतं! सुरुवातीला ते पुरुष दर्जींच्या दुकानात गेलं. घरात यायला वेळ लागला. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने निघालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी बायकांना शिवण शिकवलं, चोळीची जागा ब्लाउजने घेतली, झबली-परकर-फ्रॉक घरात शिवले जाऊ लागले. १९२४ मध्ये गांधीजींना विचारलं गेलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध का? त्यांनी अपवाद सांगितला तो सिंगरच्या मशीनचा. बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते शोधलं, असं त्यांनी ऐकलं होतं. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांची एकाच वेळी अनेक घरं होती आणि मुलं वीसच्या वर. असो. यंत्राच्या बाबतीत गांधीजींचं चुकलं नव्हतं.

१९३० नंतरच्या दशकात कोलकात्यात 'उषा' मशीन बनू लागलं आणि पुढे तेच आमच्यासारख्यांच्या घरी पोचलं. नानीला ते मिळालं नाही. तिचं तरुणपण महायुद्धातल्या कापडटंचाईत गेलं. १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आलं तेव्हा तिने आजोबांच्या जुन्या लुंग्यांचे परकर केले होते, तेही हाताने. अम्मीने मात्र १९७४ मध्ये हप्त्याने काळं उषा घेतलं. पायाचं. हप्ते फेडायला दीड वर्ष लागलं.

कापड यायचं इचलकरंजीहून. तिथे १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसला आणि आमच्या लहानपणापर्यंत गावच्या गाव खटखटत होतं. अब्बा तिथून ताग्यांची शेवटची टोकं, डागी पॉपलीन, केंब्रिकचे तुकडे वजनावर आणायचे. अम्मी ते जमिनीवर पसरून बसायची. बराच वेळ नुसती बघत. आम्हाला वाटायचं तिला झोप आली. जुन्या वर्तमानपत्रावर ती आकार काढायची, कापायची, कापडावर ठेवून फिरवून फिरवून बघायची. शेजारणींच्या मापांची एक वही होती. हाजरा, शांता, बिल्किस, मंगल, अशी नावं, पुढे छाती, कंबर, उंची, आणि बाकी राहिलेले पैसे. ईदेआधी पंधरा दिवस आमच्या घरात चालायला जागा नसायची. आमचे कपडे चाँदरातीला शिवले जायचे, तेही काज-बटणांशिवाय. कित्येक ईदच्या फोटोंत माझ्या फ्रॉकला मागे सेफ्टी पिन आहे.

१९८३-८४ ची गोष्ट. तुकडे लहान होते, अखंड फ्रॉक निघेना. अम्मीने छातीशी दुसऱ्या रंगाचा तिरका योक जोडला, जोड झाकायला तिसऱ्या रंगाची पायपिंग घातली आणि उरलेल्या त्रिकोणाचा खिसा केला. खिसा तिरका, योकाच्या तिरकेपणाशी जुळणारा. मी तो घालून शाळेच्या गॅदरिंगला गेले. बाजारातल्या एका दुकानदाराने, ज्याच्यासाठी ती नगावर काम करायची, तो पाहिला आणि नमुना म्हणून एक मागितला. मग तो नमुना आणखी पाच-सहा घरांत गेला. दिवाळीला त्या दुकानात तिरक्या खिशाचे फ्रॉक लटकत होते. गळ्याला दुकानाचं लेबल, किंमत ४५ रुपये. अम्मीला नगामागे साडेतीन मिळायचे. रस्त्याने जाताना एखादी मुलगी तो फ्रॉक घातलेली दिसली की अम्मी माझा हात दाबायची. "वो मेरा है," एवढंच. दुकानदाराला ती काही बोलली नाही. बोलली असती तर तेही काम गेलं असतं.

जनगणनेवाला यायचा तेव्हा अब्बा तिच्यापुढे 'घरकाम' लिहायला सांगायचे. ती आत मशीनवर असायची, टिपेचा आवाज बाहेर त्या माणसाला ऐकू जात असायचा.

हे एकट्या अम्मीचं नाही. काम करणाऱ्या मुस्लिम बायकांत घरातच बसून काम करणाऱ्यांचं प्रमाण इतर बायकांपेक्षा बरंच जास्त आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं. अशा घरबसल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपली दयाबुद्धी मात्र तय्यार. सरकारी योजना असो, जमातीची मदत असो, दंगलीनंतरचं पुनर्वसन असो, बाईला काय द्यायचं तर शिलाई मशीन. फोटो काढायचा, मशीन द्यायचं, निघायचं. नगाला किती मिळणार, कापड कोण देणार, लेबल कोणाचं लागणार, हे विचारत कोणी बसत नाही. मशीन वाटणाऱ्यांत आपलेही लोक आहेत, म्हणून हे लिहितेय.

भाचीच्या जाकिटाच्या कार्डावरही डिझायनरचं नाव ठळक आहे. धावदोरा कोणी घातला ते नाही. मी तिला ते दाखवलं तेव्हा तिने जाकीट पुन्हा उलटं केलं आणि टाके बघत बसली. दोन जागी दोरा वेगळ्या हाताचा आहे, हे तिला दिसलं. कुठे टाके लांब, कुठे बारीक.

परवा तिने पलंगाखालचं उषा बाहेर काढायला लावलं. पट्टा वाळून तुटला होता. चामड्याचा पट्टा मिरजेत चार दुकानांत विचारला तेव्हा मिळाला. तेल घातलं. अम्मी चष्मा लावून शेजारी खुर्ची टाकून बसली. तिच्या गुडघ्याला आता पायटा झेपत नाही. भाचीने जुन्या चादरीचा तुकडा लावला, पाय मारला, दोरा तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. तिसऱ्या वेळी अम्मीने तिचा हात बाजूला केला, शटलची झडप सरकवली आणि म्हणाली, "बॉबिन उलटी डाली तूने."

मापांची वही भाचीने मागून घेतली आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर दादीचं माप लिहायचं आहे म्हणाली. तिच्यासाठी काहीतरी शिवणार आहे. अम्मी आधी नको म्हणत होती. मग उभी राहिली, हात थोडे वर केले, आणि टेप कुठून धरायची ते सांगू लागली.